एका चहापुरता हायड्रोजन

मसुदाकाकांनी हायड्रोजन हा शब्द जितक्यांदा लिहिला असेल, तितक्यांदा त्यांनी स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नसेल. ऊर्जा खात्यातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते सरकारी धोरणांचे मसुदे लिहीत, म्हणून खात्यातल्या मंडळींनी त्यांना मसुदाकाका म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव एके दिवशी त्यांच्या मागोमाग बसमधून उतरून घरी राहायलाच आलं. आता भाजीवालाही त्यांच्या बायकोला मसुदाकाकू म्हणत असे, आणि काकूही वळून बघत.

काकांचा हात गोड होता. विषय कितीही रुक्ष असो, वाक्य लिहून झालं की ते हलक्या आवाजात म्हणून पाहत. जात्याच्या घरघरीसारखं वाक्य एका लयीत फिरलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष. कुठे अडखळलं, तर एखादा शब्द इकडून उचलून तिकडे ठेवत, नाहीतर दोन नवे घालून त्याची चाल सरळ करत. 'हायड्रोजन जळतो तेव्हा धूर नाही, राख नाही, काजळी नाही. उरते ते केवळ पाणी,' हे वाक्य त्यांचंच. मोठमोठ्या सभांतून ते म्हटलं गेलं, टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या. काकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. लेकीने सासरी नाव काढलं की बाप कोपऱ्यात उभा राहून जसा खूश होतो, तसे ते खूश होत.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एका रविवारी साडू आले.

साडूंचं फरशीचं दुकान होतं. काकूंची धाकटी बहीण त्यांना दिली होती, आणि त्यांचा आवाज असा होता की ते घरात आले की घर भरल्यासारखं वाटे आणि गेले की धुतल्यासारखं. पाय पसरून ते म्हणाले, "साडूभाऊ, माझा माल बघा. माणूस त्यावर उभा राहतो, चालतो, घसरून पडतो. पडला तरी शिव्या फरशीलाच देतो! म्हणजे गिऱ्हाइकाला मालाचा अनुभव येतो. तुमचा माल कुठाय?"

"हायड्रोजन असा दाखवता येत नाही," काका म्हणाले. "त्याला रंग नसतो."

"वास?"

"नसतो."

"चव?"

"नाही."

"मग खातं भरवता कशाचं?" साडू एवढ्यांदा हसले की कपाटाच्या काचा हसल्या.

हे काकांनी गिळलं असतं. नोकरीत त्यांनी याहून मोठे घास गिळले होते. पण तेवढ्यात काकूंनी विचारलं, अगदी साधेपणाने, तांदळातला खडा उचलावा तसं, "खरंच हो, तुम्ही कधी बघितलाय का तो?"

टोमणा परतवता येतो. कुतूहलाचं काय करणार? काकांना आठवून आठवून आठवेना. त्यांनी हायड्रोजनच्या टाक्या लिहिल्या होत्या, नळ्या लिहिल्या होत्या, त्यावर धावणारी वाहनं लिहिली होती. पण एवढासा, चिमूटभर, समोर असलेला हायड्रोजन? नाही. आणि मग त्यांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. लयीत होतं म्हणूनच निघालं असावं.

"पुढच्या रविवारी या. हायड्रोजनवर उकळलेला चहा पाजतो."

"भावोजी, खरंच?" साडूंबरोबर आलेल्या मेहुणीने डोळे मोठे केले.

"दूध मी आणतो," साडू म्हणाले. "नाहीतर तेही दिसत नाही म्हणाल."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या काकांनी स्वयंपाकघरात काचेचं भांडं मांडलं. कृती सोपी होती, निदान कागदावर. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं. एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचे. हायड्रोजनच्या टोकावर पाण्याने भरलेली बाटली उपडी धरायची, म्हणजे वायू तिच्यात साठत जातो. काकांनी जुन्या मोबाइलच्या चार्जरची वायर सोलली, काकूंच्या पाहुण्यांसाठीच्या संचातले दोन चमचे तिला बांधले आणि ते पाण्यात सोडून वाट पाहत बसले.

काही होईना. चमचे एकमेकांकडे बघत राहिले.

"नुसत्या पाण्यातून वीज जात नाही," मागून आवाज आला. वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे सर दारात उभे होते. सर निवृत्त झाले होते, पण शिकवणं काही निवृत्त झालं नव्हतं. कुठल्याही घरात काही उघडं दिसलं, मग ते दार असो, नळ असो की रेडिओ, की ते आत येऊन समजावून सांगत. "मीठ घाला. समुद्र बघा, किती वीज असते त्यात!"

समुद्रात वीज कुठे असते हे काकांनी विचारलं नाही. मीठ घातलं आणि काय सांगावं, दोन्ही चमच्यांवरून बुडबुड्यांच्या माळा निघाल्या. काका वाकले. इतक्या वर्षांची ओळख, आणि पहिल्यांदा भेट! पण कुठल्या चमच्यावरचा आपला, हे ओळखण्याआधीच नाकात झिणझिण्या आल्या. पोहण्याच्या तलावावर येतो तसला वास घरभर पसरला. काकू शिंकल्या, सर शिंकले, जिन्यावरून जाणारं कोणीतरी शिंकलं. चार्जर ओढून काढत, खिडक्या उघडत, शिंकता शिंकता काकांना आठवलं, की खाऱ्या पाण्यातून क्लोरीन निघतो आणि त्याची दक्षता घ्यावी, असा एक सुंदर परिच्छेद धोरणाच्या परिशिष्टात आहे. त्यांनीच लिहिलेला.

चमचे बाहेर काढले तेव्हा त्यातला एक तपकिरी झाला होता. काकूंनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त गुणगुणल्या. काकूंना ही सवय होती. घरात जे घडे त्यावर त्यांच्या ओठांवर आपसूक दोन ओळी येत.

"पाण्याच्या पोटात गं, वारा हलका झोपला,
जागवाया गेला त्याला, माझा चमचा करपला."

मिठाच्या जागी मग धुण्याचा सोडा आला, चमच्यांच्या जागी पेन्सिलींची शिसं आली, आणि वास थांबला. बुडबुडे मात्र आले, बारीक, मोहरीएवढे. काकू ओट्याला टेकून बघत होत्या.

"ही वीज कुठून येते हो?"

"भिंतीतून."

"आणि भिंतीत?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीत वीज येत होती ती गावाबाहेरच्या कोळशाच्या केंद्रातून, ज्याचा धूर त्यांच्याच खिडकीतून दिसे. कोळशाचा धूर काढून बिनधुराचं इंधन करायचं, याला त्यांच्या धोरणात जागा नव्हती. त्यांनीच ठेवली नव्हती. 'ऊर्जा उगमापासून निर्मळ असावी,' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि 'निर्मळ' शब्दावर तर ते स्वतःच भाळले होते. आता तो शब्द ओट्यावर येऊन बसला आणि हलेना.

म्हणजे सूर्याची वीज हवी. सरांकडे वीज गेल्यावर लावायच्या दिव्याचं छोटं सौर पॅनेल होतं, ते त्यांनी आनंदाने दिलं आणि सोबत सूर्याबद्दल बरंच काही दिलं. पण काकांच्या घरात ऊन येत नसे. ऊन होतं गच्चीवर. आणि गच्ची होती इमारतीच्या चेअरमनच्या ताब्यात.

चेअरमन हा माणूस असा, की औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद उलगडून शेवटपर्यंत वाचणारा जगात बहुधा तो एकटाच. सोमवारचा वास त्याच्याही नाकात गेला होता. त्याने रात्रीत सगळं धोरण वाचून काढलं होतं, आणि काका गच्चीची किल्ली मागायला गेले तेव्हा तो दारातच तयार होता.

"काका, हे बघा. 'हायड्रोजनची निर्मिती, साठवण वा हाताळणी, कितीही अल्प प्रमाणात का असेना, करणाऱ्या प्रत्येकास या अटी लागू राहतील.' कितीही अल्प! म्हणजे तुमची बाटलीसुद्धा आली की नाही? ज्याने लिहिलंय त्याने तुमच्यासारख्यांचा आधीच विचार करून ठेवलाय."

काकांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. ते शब्द त्यांना चांगले आठवत होते. कोणाचाच विचार करून ते घातलेले नव्हते. मूळ वाक्य 'हाताळणी करणाऱ्या प्रत्येकास' असं होतं आणि मध्येच धपकन बसत होतं. 'कितीही अल्प प्रमाणात का असेना' घातलं आणि ते वाक्य कसं झोक्यासारखं वर जाऊन खाली आलं! त्या संध्याकाळी ते घरी गाणं म्हणत आले होते.

"अग्निशमनवाल्यांचा ना-हरकत दाखला आणा," चेअरमन म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. माझ्या बायकोलाही तो चहा बघायचाय."

अग्निशमनचा निरीक्षक मोठा दिलदार माणूस निघाला. तो टेप घेऊन गच्चीवर आला, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारत त्याने लांबी मोजली, रुंदी मोजली, बाटली हातात घेऊन तिचंही माप घेतलं.

"खोकल्याच्या औषधाची आहे का?"

"होती."

"छान धुतलीत." निरीक्षकाने खिशातून धोरणाची प्रत काढली. "तर बघा साहेब, या बाटलीभोवती चारही बाजूंना नऊ मीटर मोकळी जागा लागेल. तेवढी गच्चीच नाही तुमची. मग संरक्षक भिंत. भोंगा. आणि एक प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी, पूर्णवेळ."

"बाटलीला?"

"कितीही अल्प प्रमाणात का असेना," निरीक्षक म्हणाला, आणि तो ते नुसतं बोलला नाही, झोक्यासकट म्हणाला. "कोणी लिहिलंय कोण जाणे, पण जिभेवर बसतं बघा. आमच्याकडे पोरं म्हणतात ते."

आयुष्यभर ज्या दादेची वाट पाहिली ती अशी गच्चीवर, अशा वेळी यावी! काकांना धड लाजता येईना, धड रडता येईना. सूट द्यायचा अधिकार निरीक्षकाला नव्हता. "ऊर्जा खात्याचा अभिप्राय आणलात तर बघू," असं सांगून तो चादरींमधून निघून गेला.

आता ऊर्जा खात्यात हायड्रोजनविषयीचा कुठलाही अर्ज जातो कुठे? खिडकीजवळच्या टेबलावर. काकांनी घरी बसून अर्ज लिहिला, सकाळी खात्याच्या टपालपेटीत टाकला, आणि तो टेबलावर आला तेव्हा नियमाप्रमाणे शिक्का मारून घेऊन वाचला. खरं सांगायचं तर त्यांना तो आवडला नाही. भावना होती, तपशील नव्हता. आपल्याच माणसाला सवलत दिली असं कोणी म्हणू नये म्हणून ते इतरांपेक्षा जास्त कडक झाले, आणि 'चहाचे प्रमाण, कपाचा आकार व पिणाऱ्यांची संख्या नमूद नसल्याने अर्ज अपूर्ण' असा शेरा मारून त्यांनी तो पाकिटात घालून स्वतःच्याच पिशवीतून घरी परत पाठवला. घरी पाकीट फोडून वाचताना त्यांचा अगदी संताप झाला.

"बघ, कसली माणसं बसवलीत तिथे!" ते काकूंना म्हणाले. "कपाचा आकार विचारतात!"

काकूंनी शेऱ्याखालची सही ओळखली. चांगली लफ्फेदार सही होती. त्या ताट वाढता वाढता गुणगुणल्या,

"अर्ज करी माझा धनी, नाही म्हणे माझा धनी,
दोघांसाठी एक ताट, वाढते मी हसूनी."

काकांनी कपाचा आकार कळवला.

अर्जाच्या या येरझारा चालू असताना खात्याच्या संचालकबाईंचं लक्ष गेलं. बाई नव्या होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या, आणि फायली खरोखर वाचत. खात्यात त्यामुळे जरा घबराट होती. त्यांनी काकांना बोलावलं.

"काका, हा अर्जदार कोण?"

"मीच, बाई."

"आणि हे प्रश्न विचारणारा?"

"तोही."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबण्याची ती सरकारी पद्धत होती. "नऊ मीटरची अट कारखान्यांसाठी होती ना? मग हे 'कितीही अल्प' कशासाठी घातलंत?"

एवढ्या वर्षांत काकांनी शब्दांचं कारण कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. "वाक्य लंगडत होतं, बाई," ते म्हणाले. आणि मान खाली घालून उभे राहिले.

बाईंनी ते वाक्य पुटपुटून पाहिलं. एकदा त्या शब्दांसकट, एकदा त्यांच्याशिवाय. "लंगडतं खरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फायलीवरची तारीख पाहिली. धोरण सध्या प्रायोगिक तत्त्वावर लागू होतं; अंतिम मसुदा येत्या सोमवारी वर जायचा होता. "काका, शाळा-कॉलेजांनी काही करून बघायचं म्हटलं तर त्यांनाही हीच अडचण येणार. आणि आपण अख्खं धोरण लिहिलं, पण... तुम्ही बघितलाय कधी हायड्रोजन?"

"नाही."

"मीही नाही." बाईंचा आवाज एकदम लहान झाला. "सक्षम अधिकाऱ्याच्या उपस्थितीत प्रात्यक्षिकास हरकत नाही, असंही एक कलम आहे ना आपलं?"

"आहे. मीच लिहिलंय," काका म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांना ते सांगताना बरं वाटलं.

"मग सक्षम अधिकारी रविवारी येईल. कपाचा आकार मला माहीत आहेच."

रविवारी गच्चीवर चादरी नव्हत्या. चेअरमन होता, त्याची बायको होती, पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं घेऊन निरीक्षक होता, सर होते आणि बोलत होते. एका खुर्चीवर संचालकबाई. साडू बायकोसह दुधाची पिशवी घेऊन आले होते आणि ती सगळ्यांना दिसेल अशी धरून उभे होते.

ऊन होतं, मग ढग आला, मग ऊन आलं. बुडबुडे निघत, थांबत, पुन्हा निघत. उपड्या बाटलीतलं पाणी इतकं हळूहळू खाली सरकत होतं की नखं वाढताना बघावीत.

"दूध नासायच्या आत होईल ना?" साडूंनी विचारलं.

काकांना एव्हाना कळून चुकलं होतं. बाटलीभर वायूवर चहा काय, चहाचा घोटही उकळणार नव्हता. तरी ते बाटलीवरून नजर काढत नव्हते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा पगार हातात घेऊन आले होते तेव्हाचा चेहरा होता तो.

बाटली अखेर भरली. म्हणजे रिकामी झाली. बघणाऱ्याला तसंच वाटलं.

"आता हे कोरड्या पेल्यात ओतायचं," काका म्हणाले. काकूंनी पेला पुढे केला. तो त्यांनी काच करकर वाजेपर्यंत पुसला होता. त्यांच्या घरचा पेला नेहमीच तसा असे. काकांनी तो उपडा धरला आणि बाटलीचं तोंड त्याच्याखाली नेऊन तिरकं केलं.

"अहो साडूभाऊ, उलटं ओतताय!"

"हा वरच पडतो," काका म्हणाले. "हवेहून हलका आहे. याला खाली ओतता येत नाही."

साडूंनी हातातली दुधाची पिशवी खाली ठेवली.

निरीक्षकाने सगळ्यांना मागे सारलं आणि लांब पेटती काडी पुढे केली. काकांनी ती हातात घेतली. पेल्याच्या तोंडाशी काडी गेली आणि आवाज झाला. टुप्. लहान मुलाने गाल फुगवून बोटाने फोडावा तेवढाच. ज्योत कोणाला दिसली नाही. धूर नाही. काही नाही.

"झालं?" साडू म्हणाले. "एवढ्यासाठी भोंगा मागत होते?"

कोणीतरी हसलं. काकांचे खांदे खाली आले. शब्द लिहिताना जो हात कधी थांबला नव्हता, त्या हाताला आता पेला कुठे ठेवावा कळेना.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. पेला कोरडा परत गेला पाहिजे, एवढंच बहुधा त्यांच्या मनात होतं. त्यांनी तो उजेडात धरला आणि त्या थबकल्या. "अहो, हा तर ओला झाला."

सगळे पुढे सरकले. करकर वाजणाऱ्या काचेच्या आतल्या बाजूला पुसटसं धुकं धरलं होतं. थंडीत खिडकीवर श्वास सोडल्यासारखं. काकूंनी आत बोट फिरवलं. मग ते बोट त्यांनी निरखून पाहिलं, घरची बाई भांड्याच्या बुडाला हात लावून बघते तसं. "काजळी नाही," त्या म्हणाल्या. "जरासुद्धा नाही. नुसतं पाणी."

'उरते ते केवळ पाणी.' काकांनी ते वाक्य किती वेळा लिहिलं होतं! पण ते आजवर त्यांनी वाचलं नव्हतं. ते आज वाचलं, बायकोच्या बोटावर. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाणी कशाचं ज्वलन होऊन आलं हे धोरणात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

काकू गुणगुणल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात,

"पाण्यातून आला गं, पाण्यात निघून गेला,
जाता जाता काचेवर, हात ओला फिरवून गेला."

"पुन्हा एकदा करा ना," संचालकबाई खुर्चीवरून उठून म्हणाल्या. त्यांनी काडी स्वतः धरली. टुप्! त्या खुदकन हसल्या आणि लगेच अधिकारी झाल्या. मग चेअरमनला करायचं होतं. मग त्याच्या बायकोला. निरीक्षक म्हणाला, सुरक्षेच्या दृष्टीने मलाही एकदा करून बघावं लागेल. दर खेपेला बाटली भरेपर्यंत सगळे जण उन्हासाठी ढगांकडे बघत उभे राहत आणि कोणी कंटाळत नसे. पेला कोणी पुसू दिला नाही. धुक्यावर धुकं चढत गेलं, आणि शेवटी त्यातून एक थेंब जमला, काचेवरून हळूच उतरला आणि काठाशी लोंबत राहिला.

"काका, त्या पाच शब्दांचं काय करायचं?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"काढतो, बाई. उद्या सकाळीच."

"वाक्य लंगडेल."

"लंगडू दे," काका म्हणाले. "पण कुठेतरी पोचेल तरी."

खाली घरात चहा नेहमीच्या शेगडीवर झाला, नेहमीसारखा. काकूंनी साडूंचा कप भरला, गच्चीवरून सांभाळून आणलेला पेला त्यावर तिरका केला आणि तो थेंब चहात सोडला. "घ्या भावोजी. माझ्या माणसाने शब्द दिला होता. हायड्रोजनवर नसेल झाला, पण हायड्रोजन त्यात आहे."

सगळी खोली साडूंच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. फरशी तपासावी तसा तो घोट त्यांनी तोंडात इकडून तिकडे फिरवला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

मग कप खाली ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि ज्या आवाजाने घर भरत असे तो आवाज एवढासा करून काकांच्या कानाशी वाकले.

"साडूभाऊ, माझ्या दुकानाच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. ती बाटली खोकल्याच्या औषधाचीच लागते का हो?"